रेडिएशननंतर तोंड कोरडं पडलंय? या चुका टाळा

आप्पांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर झाला, ३५ वेळा लाईट (म्हणजे रेडिएशन) दिली. गाठ गेली, पण तोंड जे वाळलं ते वाळलंच. जीभ टाळूला चिकटायची, सोडवताना टच् असा आवाज यायचा. घरात येणारा प्रत्येक जण सांगायचा, "पाणी प्या की भरपूर." आप्पा तांब्या रिकामा करायचे आणि पाच मिनिटांत तोंड परत चामड्यासारखं. ही तहान नाही हे कळायला आम्हाला आठ महिने लागले. तोवर चार दात गेले होते.

निरोगी तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास घसरवते, दातांवरचं आम्ल धुते, दातांना खनिजं परत देते, बुरशी वाढू देत नाही. कानाखालच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की हे सगळं काम मंदावतं किंवा बंदच पडतं. पाण्यानं तोंड ओलं होतं, बाकीची कामं आपल्यालाच करावी लागतात. आमच्या सगळ्या चुका हे न समजल्यामुळं झाल्या.

खडीसाखर, मध, कुंदा

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. आत्तीनं मायेनं खडीसाखरेची पुडी दिली, "तोंडात धरा, पाणी सुटतंय." खरंच बरं वाटायचं. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात दिवसभर खडा असायचा, भेटायला येणारे कुंदा घेऊन यायचे. सहा महिन्यांत पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, तपकिरी पट्टा दिसू लागला. दुखत काहीच नव्हतं. मग एका सकाळी भाकरीचा तुकडा चावताना सुळ्याचा वरचा भाग अख्खा तुटून हातात आला. लाळ नसलेल्या तोंडात साखर धुऊन जात नाही, दाताला धरून बसते.

लिंबू, चिंच, आवळासुपारी यांचंही तेच. आंबट चाखलं की थोडी लाळ येते, पण ते आम्ल निवळायला पुरेशी लाळच नसते, त्यामुळं दाताचं कवच झिजतं. चघळायचंच असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगम घ्या. पाकिटावरचं नाव वाचून घ्या, कारण सगळ्या शुगर-फ्री गोळ्यांत झायलिटॉल असतंच असं नाही, आणि काहींत आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड असतं.

सुपारी आणि मिश्री

आपल्याकडं, विशेषतः कर्नाटक सीमेवरच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात, हे मोकळेपणानं बोलायलाच हवं. उपचार झाल्यावरही "नुसती सुपारी, तंबाखू नाही" म्हणत खांड तोंडात टाकणारे मी पाहिलेत. नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलंय. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. "दाताला लावते फक्त" म्हणणाऱ्या आयाबायांना हे हात धरून, न रागावता, पुन्हा पुन्हा सांगा. ज्या तोंडानं एवढं सोसलंय त्यात ती परत जाता कामा नये.

पाणी ढोसणं

एकदम गटागटा प्यायलेलं पाणी पोटात जातं, तोंडात राहत नाही. वर रात्री चारदा उठावं लागतं आणि झोप मोडते. छोटी बाटली जवळ ठेवा, दर काही मिनिटांनी एक घोट घ्या, तोंडात फिरवा, मग गिळा. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा. झोपण्यापूर्वी मेडिकलमध्ये मिळणारी कृत्रिम लाळ, म्हणजे जेल किंवा स्प्रे, जास्त वेळ टिकते. पंख्याचा झोत तोंडावर नको. उन्हाळ्यात अथणीकडच्या कोरड्या हवेत आम्ही खाटेजवळ ओला टॉवेल वाळत घालायचो, त्यानं फरक पडायचा.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी सध्या बाजूला. भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून द्या. चटणीचा भुगा कोरड्या तोंडात दातांच्या फटीत अडकतो आणि तिखटानं आग होते ती वेगळीच.

झोंबणारं माउथवॉश

अल्कोहोलवालं माउथवॉश तोंड आणखी वाळवतं. एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खायचा सोडा टाका, प्रत्येक जेवणानंतर चूळ भरा आणि थुंका. रोज ताजं करा. चिकट तारेसारखी लाळ यानंच सुटते.

आणखी एक, सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेच्या काही गोळ्या यांनीही तोंड सुकतं. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवा. लाळ वाढवणारी पायलोकार्पिन नावाची गोळी आहे, पण दमा किंवा काचबिंदू असेल तर ती धोक्याची ठरू शकते, त्यामुळं स्वतःहून घेऊ नका. तोंडात दह्यासारखा पांढरा थर आला किंवा जीभ लालबुंद होऊन झोंबू लागली तर ती बहुधा बुरशी असते. मध लावत बसू नका, दाखवा.

ज्यांची लाईट अजून सुरू व्हायचीय त्यांनी लाळग्रंथी वाचवता येतील का, हे विचारायला लाजू नका. ब्रिटनमधल्या एका चाचणीत (२०११) जुन्या पद्धतीत वर्षभरानं ७४ टक्के रुग्णांना कोरडेपणाचा जास्त त्रास होता, ग्रंथी वाचवणाऱ्या आयएमआरटी पद्धतीत ३८ टक्के. दातही लाईटच्या आधी तपासून घ्यायचे असतात.

न सांगता दात काढणं

आप्पांचा सुळा तुटल्यावर आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू, पाच मिनिटांचं काम." खुर्चीत बसल्यावर आईला आठवलं आणि तिनं लाईटचं सांगितलं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. किरणं लागलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, दात काढलेली जागा लवकर भरत नाही, हाड सडू शकतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो. मग कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी मुळं जागेवर ठेवूनच उपचार केले, आणि दातांच्या मापाचा साचा करून दिला. त्यात फ्लोराइडचं जेल भरून आप्पा तो रोज रात्री लावतात. पुढं अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही.

आपल्या भागात लाईट मिरज-कोल्हापूरला, दात दाखवायचे गावात आणि नर्स कन्नड बोलणारी, असं नेहमी होतं. "बायी ओणगतैती" एवढं म्हटलं तरी तोंड वाळतंय हे तिला कळतं. पण जबड्याला लाईट दिली आहे, विचारल्याशिवाय दात काढू नका, हे कन्नड आणि इंग्रजीत लिहून घेतलेला कागद आता आप्पांच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागं असतो.