ऑटोमॅटिक ट्रक आणि इंजिन ब्रेक: उतार लागायच्या आधी काय करायचं

क्लचचं पेडल नाही म्हणजे क्लचच नाही, असं नसतं. पुष्कळ ऑटोमॅटिक ट्रकमध्ये गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं बहुधा हवेच्या दाबावर होतात. त्यामुळे टाकीत हवा कमी असेल तर गिअर पडत नाही आणि ड्रायव्हरला वाटतं, बॉक्स गेला. आधी हवेचे काटे बघा.

सुरू करताना पार्किंग ब्रेक लावलेला, सिलेक्टर न्यूट्रलला. हवा साधारण ७-८ बारपर्यंत भरली की ब्रेक पेडल दाबून सिलेक्टर 'डी'वर घ्या. डिस्प्लेवर गिअरचा आकडा दिसल्याशिवाय रेस देऊ नका. चढावर ब्रेकवरून पाय काढला की हिल होल्ड गाडी दोन-तीन सेकंदच धरतो, तेवढ्यात निघायचं. एक्सलेटरवर गाडी चढावर तोलून धरण्याची सवय असेल तर ती मोडा. अशा वेळी क्लच घसरत राहतो आणि प्लेट जळते.

आता इंजिन ब्रेक, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर गाडी रोखणं. त्याच्या कॉम्प्रेशन ब्रेक या प्रकारात पिस्टन हवा दाबत वर येतो आणि अगदी टोकाशी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून ती हवा सोडून दिली जाते. दाबायला लागलेली ताकद परत मिळत नाही, आणि ती येते चाकांकडून. मिनिटाला जितके फेरे जास्त तितकी रोखण्याची ताकद जास्त. मोठ्या डिझेल इंजिनात १२०० आरपीएमला तो मिळमिळीत वाटतो, १८०० च्या पुढे खरा पकडतो. 'इंजिन ब्रेक धरत नाही' ही तक्रार बऱ्याचदा वरच्या गिअरची असते.

गोची इथेच आहे. 'डी'मध्ये बॉक्स डिझेल वाचवायला वरचा गिअर शोधतो, आणि पुढचा उतार सगळ्याच बॉक्सना आधी कळत नाही. तो तुम्ही सांगायचा. उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा, मॅन्युअलवर या आणि गिअर उतरवा. तोच रस्ता चढताना जो गिअर लागला असता तो किंवा त्याच्या एक खालचा घ्या. मग इंजिन ब्रेकची दांडी टप्प्याटप्प्याने ओढा. उताराच्या मध्यावर गिअर बदलला तर बदलाच्या क्षणी इंजिन चाकांपासून सुटतं, इंजिन ब्रेकही सुटतो आणि भरलेली गाडी पुढे झेपावते. शिवाय आरपीएम फार वाढलेले असतील तर बॉक्स खालचा गिअर स्वीकारतच नाही. न्यूट्रलवर गाडी सोडणं तर सरळ जिवाशी खेळ.

पायाचा ब्रेक मात्र सतत घासत ठेवू नका. समजा ४० ची मर्यादा ठरवली. काटा ४० ला टेकला की ठाम दाबून तीनेक सेकंदांत ३२ पर्यंत आणा, पाय पूर्ण उचला, पुन्हा ४० होऊ द्या. मधल्या वेळात ड्रम थंड होतात. हे वारंवार करावं लागत असेल तर गिअर चुकला आहे. ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबाच.

ओल्या, चिखलट किंवा बर्फाळ रस्त्यावर गणित उलटं. इंजिन ब्रेक फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर काम करतो. गाडी रिकामी असेल तर ती चाकं लवकर घसरतात आणि ट्रेलर मागून ढकलून गाडी कात्रीसारखी मुडपतो. अशा वेळी दांडी बंद ठेवा आणि वेग आधीच उतरवा. चाक घसरल्याचं एबीएसला कळलं की तो इंजिन ब्रेक आपोआप सोडतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

दांडी ओढूनही काहीच होत नसेल तर आधी पायाखाली बघा. एक्सलेटरवर बूट नुसता टेकलेला असला किंवा मॅट सरकून पेडलखाली अडकली असली तरी इंजिन ब्रेक लागत नाही. इंजिन थंड असेल तर ऑइल गरम होऊ द्या, कारण बहुतेक कॉम्प्रेशन ब्रेक त्याच ऑइलच्या दाबावर चालतात. सायलेन्सरच्या वाटेवर झडप असलेला एक्झॉस्ट ब्रेक असेल तर ती काजळीने अडकते. अर्धवट मिटून राहिली की गाडी चढाला ओढत नाही आणि काळा धूर ओकते. म्हणून सपाट रस्त्यावरही रोज एक-दोनदा दांडी ओढून झडप हलती ठेवा.