कपाशीचं पान उलटून पाहा: रसशोषक किडींच्या बाबतीत या चुका टाळा

"बीटी लावलं, मग मावा आलाच कसा?" पेरणीनंतर महिनाभरात हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बीटी कपाशी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, आपल्याकडे २००२ साली आली, तरी हा गैरसमज काही जात नाही. बीटीचं प्रथिन बोंडअळीसाठी आहे. अळीनं झाड कुरतडून खाल्लं की ते तिच्या पोटात काम करतं. मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी सोंड खुपसून रस ओढतात, त्यांना त्याचा त्रास होत नाही. त्यांच्याशी झाड आपल्या परीनं झगडतं, आणि बरेचदा आपणच त्याचे हात बांधतो.

त्यातलं मोठं हत्यार म्हणजे लव. सकाळच्या तिरप्या उन्हात पान उलटं धरा. खालच्या शिरांवर उभी, दाट, लांब लव चमकताना दिसेल, किंवा पान अगदी गुळगुळीत लागेल. तुडतुड्याची मादी अंडी पानाच्या शिरेत खुपसते. लव लांब आणि दाट असेल तर तिला शिरेपर्यंत पोचणंच अवघड जातं. दक्षिण आफ्रिकेत तुडतुड्यांनी कापसाचं पीक बुडवलं होतं, तेव्हा बार्बर्टनच्या संशोधकांनी लवदार झाडं निवडून 'यू ४' हे वाण दिलं, ते याच गुणावर तगलं. आखूड, विरळ लव मात्र फारशी कामाची नाही.

आपण काय करतो? कृषी केंद्रात बोंडाचं वजन विचारतो, कालावधी विचारतो, लवेबद्दल एक शब्द नाही. मागच्या हंगामात शेजाऱ्याच्या शेतातलं पान उलटून पाहिलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. फक्त एक अडचण आहे: पांढऱ्या माशीला लवदार पानच जास्त मानवतं. म्हणून आपल्या भागात दरवर्षी कोण छळतो ते आधी आठवायचं. विदर्भातल्या कोरडवाहू शेतात बहुधा तुडतुडाच पुढे असतो, तिथं मी लवदार वाणच घेईन.

दुसरी चूक माझीच सांगतो. एका वर्षी पावसानं छान साथ दिली आणि मी हौसेनं एकदम युरिया ओतला. पंधरा दिवसांत शेत काळंभोर हिरवं झालं, येणारे-जाणारे थांबून बघायचे. मग पानांच्या कडा खाली वळायला लागल्या. जास्त नत्रानं पानं कोवळी, लुसलुशीत होतात आणि रसात अमिनो आम्लं वाढतात. मावा-तुडतुड्यांची पिलावळ त्यावरच पोसते. आता माती परीक्षण पाहून नत्र हप्त्याहप्त्यानं देतो. गडद हिरव्या रंगाचं कौतुक तेव्हापासून जरा कमी झालंय.

तिसरी चूक घाईच्या फवारणीची. बहुतेक बीटी बियाण्याला कारखान्यातच इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक चोळलेलं असतं, पुड्यावर ते लिहिलेलंही असतं. साधारण पहिला महिना ते झाडाला सांभाळतं. त्या काळात शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून आपणही काढायचा, आणि तोही त्याच गटाच्या औषधाचा, म्हणजे किडीला त्या औषधाची सवय लावून देणं. सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचं, सरसकट सगळे किडे मारणारं औषध मारलं तर आणखी वाईट. मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा ही जाळीदार पंखांची हिरवी माशी, असे मित्रकिडे मरतात, मावा-पांढरी माशी मोकळी सुटते.

या मित्रकिडींना झाड स्वतः बोलावतं. कपाशीच्या पानाखाली मधल्या शिरेवर एक बारीक खळगा असतो, त्यात मधासारखा गोड थेंब येतो. मुंग्या, परोपजीवी गांधीलमाश्या त्यासाठी येतात. कडेनं चवळी लावली तर ढालकिडेही टिकतात. चवळीवर काळा मावा दिसला की लोक घाबरून ती उपटतात किंवा तिच्यावरच फवारतात. तो कपाशीवरच्या माव्यापेक्षा वेगळा, मुख्यतः शेंगवर्गीय पिकांवर राहणारा आहे. ढालकिड्यांची ती खानावळ आहे, राहू द्या.

औषध कधी मारायचं? शेतात फिरून वीसेक झाडं घ्या. प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं एकेक पान हलकेच उलटा. तुडतुड्याची पिल्लं फिकट हिरवी असतात आणि बोट जवळ नेलं की तिरकी पळतात. दर पानाला सरासरी दोन-तीनच्या आत असतील तर पंप घरीच ठेवा, पाच टक्के निंबोळी अर्कावर भागतं.

आणि लाल पान दिसलं की लगेच मॅग्नेशियम सल्फेट आणायला धावू नका. तुडतुड्यानं लाल झालेलं पान आधी कडेनं पिवळं पडतं, कडा खाली वळतात, मग लाली चढते; उलटलं तर मागे पिल्लं किंवा त्यांच्या पांढऱ्या काती सापडतात. लाल्यात, म्हणजे मॅग्नेशियम कमी पडून पान लाल होतं तेव्हा, शिरा बराच काळ हिरव्या राहतात, मधला भाग लाल होतो आणि पानामागे काही नसतं. तिथं मॅग्नेशियमची फवारणी कामाला येते.