पत्र्याच्या डब्यातली बेगमी : डबाबंद पदार्थ कसे निवडावेत आणि कसे सांभाळावेत

मे महिन्याच्या अखेरीस तिखट, मसाला, पापड आणि लोणची यांची बेगमी आटोपली की बऱ्याच घरांत शेवटची भर पडते ती आमरसाच्या डब्यांची. त्यांच्या शेजारी वर्षभरात अननसाच्या चकत्या, मक्याचे दाणे, नारळाचे दूध, कंडेन्स्ड मिल्क, रसगुल्ले असे आणखी काही डबे गोळा होतात आणि ‘बंद तर आहेत, त्यांना काय होतंय’ या समजुतीने फडताळात मागे मागे सरकत राहतात. डबाबंद पदार्थ टिकतो हे खरे आहे. परंतु तो का टिकतो हे एकदा लक्षात घेतले, तर कोणता डबा घ्यावा, तो कुठे ठेवावा आणि कधी टाकून द्यावा, याचा निर्णय दर वेळी कोणाला विचारावा लागत नाही.

पदार्थ डब्यात भरायचा, झाकणाची आणि डब्याची कड यंत्राने एकमेकींत दुमडून घट्ट बसवायची आणि मग ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ डबा तापवायचा, एवढीच ही मूळ कृती आहे. आतले जंतू उष्णतेने मरतात आणि बाहेरचे आत शिरू शकत नाहीत. फ्रान्समध्ये निकोला आपेर याने हीच गोष्ट काचेच्या बरण्यांत करून दाखवली आणि १८१० साली त्याबद्दल सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. जंतूंमुळे अन्न नासते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मात्र सगळ्या पदार्थांना सारखीच उष्णता पुरत नाही. आमरस, अननस यांसारख्या आंबट पदार्थांचा, म्हणजे ज्यांचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट) ४.६ पेक्षा कमी आहे अशांचा, उकळत्या पाण्याच्या तापमानावर निभाव लागतो. मका, मटार, राजमा, मासे, नारळाचे दूध यांत आंबटपणा नसतो आणि तिथे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणे विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचे टणक, सुप्त रूप, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, म्हणून असे डबे कारखान्यात दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावे लागतात. कैरीचे पन्हे किंवा आंब्याचा रस घरी बाटल्यांत भरणे निराळे. भाजी, उसळ किंवा मासळी घरच्या कुकरच्या शिट्ट्यांवर बरणीबंद करून कपाटात ठेवण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

आता पत्र्याविषयी. हा पत्रा पोलादाचा असतो आणि बहुधा त्यावर कथिलाचा अतिशय पातळ थर असतो. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ती याच कथिलाची, आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते हे जुन्या स्वयंपाकघरांत वाढलेल्यांना सांगावे लागत नाही. डब्यात बऱ्याचदा कथिलावर आणखी एक लाखेसारखा लेप दिलेला असतो. अननसासारख्या फळांच्या डब्यांत मात्र फळाचा रंग उजळ राहावा म्हणून कथील पुष्कळदा उघडेच ठेवतात. डबा बंद असतो तोवर आत प्राणवायू जवळजवळ नसल्याने आंबट रस आणि धातू यांची झटापट फार सावकाश चालते. डबा उघडला की ती वेगाने सुरू होते. पुढच्या निम्म्या सूचनांचे कारण एवढ्यातच आहे.

खरेदी करताना पहिला विचार घरात तो पदार्थ खरोखर लागतो का याचा करावा. ज्या घरात कुकर रोज लागतो तिथे राजमा किंवा छोले डब्यात घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही: ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी निथळल्यावर दाणे साधारण २४० ग्रॅम उरतात आणि मीठही भरपूर असते. परदेशात एकट्याने राहणाऱ्या आणि कामावरून रात्री परतणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा असू शकतो. त्याने दाणे चाळणीत ओतून नळाखाली चांगले धुवावेत, म्हणजे मीठ बरेच कमी होते. पाण्यात, पाकात किंवा तेलात भरलेल्या कोणत्याही पदार्थाची किंमत ठरवताना वेष्टनावरचे निथळलेले वजन पाहावे, एकूण वजन नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख या तिन्ही गोष्टी वाचता येत नसतील, तर डबा परत फळीवर ठेवावा.

आमरसाच्या डब्याबाबत थोडे अधिक बारकाईने पाहणे फायद्याचे ठरते. कोकणात मोसम उतरणीला लागला आणि बाजारातला दर पडला की बागायतदार आंबा ‘कॅनिंगला’ घालतात आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कारखान्यांत त्या दिवसांत रात्रंदिवस रस निघत असतो. याचा अर्थ हापूसच्या डब्यावरची उत्पादनाची तारीख साधारणपणे उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांतलीच असणार. गुढीपाडव्याच्या तोंडावर दुकानात दिसणारा ‘ताजा’ डबा गेल्या उन्हाळ्यातला, म्हणजे नऊ-दहा महिन्यांचा असतो. तो वाईट नसतो, परंतु त्याचे अर्धे आयुष्य दुकानाच्या गोदामात सरलेले असते. वर्षभर पुरवायचा असेल तर डबा जूनमध्येच घ्यावा. वेष्टनावर नुसताच ‘आंब्याचा रस’ लिहिलेले असेल तर तो हापूस आहे असे गृहीत धरू नये. जातीचे नाव लिहिलेले असावे. साखर घातलेला आणि बिनसाखरेचा हे दोन वेगळे पदार्थ समजावेत, कारण आम्रखंडाला, वडीला किंवा गणपतीतल्या आंबा मोदकांना बिनसाखरेचा रस सोयीचा पडतो आणि गोडी आपल्या हातात राहते. घरासाठी ८५० ग्रॅमचा डबा योग्य, कारण तो चार-पाच माणसांच्या एका जेवणात संपतो. सुमारे तीन किलोचा मोठा डबा किलोमागे स्वस्त पडतो खरा, पण तो पंगतीसाठी आहे. एकदा उघडला की तो संपवण्याचीच धावपळ होते.

दुकानात डबा कसा तपासावा हे सांगायला अर्धे मिनिट लागते आणि करायला त्याहून कमी. डबा डाव्या हातात धरून उजव्या हाताचा अंगठा वरच्या दुमडलेल्या कडेवरून पूर्ण फिरवावा, मग डबा उलटा करून खालच्या कडेवरून, आणि शेवटी अंगावरच्या उभ्या जोडावरून. ही कड आणि हा जोड म्हणजे डब्याचे मर्म. पोटाला उथळसा पोचा असेल तर चालतो. कडेवर किंवा जोडावर पोचा असेल, अथवा कुठेही बोटाचे टोक बसेल इतका खोल आणि धारदार पोचा असेल, तर तो डबा घेऊ नये. नंतर झाकणाच्या मध्यभागी दाबून पाहावे. चांगल्या डब्याचे झाकण किंचित आत ओढलेले आणि अचल असते; दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज करून ते आतबाहेर होत असेल तर आत वायू धरला आहे किंवा हवा शिरली आहे. बोटाने पुसला जाणारा वरवरचा गंज क्षम्य आहे, नखाने खरवडल्यावर खड्डा दिसणारा गंज नाही. कागदी वेष्टनावर वाळलेल्या पाकाचा डाग असेल तर तो शेजारच्या फुटक्या डब्याचा आहे, हे दुकानदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि दुसरा डबा मागावा.

सवलतीच्या ढिगातून मी एकदा अननसाचे चार डबे उचलले होते. त्यातल्या एकाच्या कडेला चिमटा बसल्यासारखी छोटी खोच होती, ती पाहूनही मी दुर्लक्ष केले. तीन आठवड्यांनी कपाटाच्या बिजागरीपासून त्या डब्यापर्यंत मुंग्यांची शिस्तबद्ध रांग लागलेली दिसली. डबा वरून कोरडाच वाटत होता. उचलला तेव्हा त्याखालचा कागद चिकट होऊन सोबत आला. मुंगी जाईल तिथून जंतू केव्हाच गेलेला असतो, म्हणून सवलत पदरात पडूनही तो डबा कचऱ्यातच गेला.

साठवणीसाठी जागा कोरडी, अंधारी आणि घरातल्या त्यातल्या त्यात थंड कोपऱ्यातली असावी; तापमान ३० अंशांच्या खाली राहिले तर उत्तम. आपल्याकडे अडगळ म्हणून डबे माळ्यावर जातात आणि नेमकी तीच जागा सर्वांत वाईट, कारण स्लॅबखालचा किंवा पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. विदर्भात बाहेरच पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा माळ्यावर काय होत असेल याची कल्पना करावी. कारखान्यातल्या उष्णतेतून तगून राहिलेले काही निरुपद्रवी बीजाणू एरवी झोपलेलेच राहतात, पण ४० अंशांच्या वर ते जागे होतात आणि डबा न फुगता आतला मका किंवा मटार आंबून जातो. शेगडीच्या वरचे कपाट आणि फ्रिजच्या मागची गरम हवा लागणारी फळी याच कारणाने टाळावी. किनारपट्टीवर आणि मुंबईत शत्रू निराळा: पावसाळ्यातली दमट, खारट हवा. तिथे डबे सिंकखालच्या कपाटात, जमिनीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला चिकटवून ठेवू नयेत. लाकडी फळीवर, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून ठेवावेत. डबे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळल्याने गंज थांबत नाही, उलट आत घाम धरतो. श्रावणात एकदा सगळे डबे खाली काढून कोरड्या फडक्याने पुसावेत.

नवा डबा मागे आणि जुना पुढे, हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी पाळत नाही, कारण बारीक छापलेली तारीख कपाटात दिसत नाही. झाकणावर मार्करने महिना आणि वर्ष मोठ्या अक्षरांत लिहिले की ही अडचण उरत नाही. आंबट पदार्थ वर्ष-दीड वर्षात वापरावेत. त्यानंतर रंग काळवंडतो आणि धातूची चव उतरू लागते. बिनआंबट पदार्थ दोन ते पाच वर्षे चांगले राहू शकतात, तरी छापलेली तारीखच प्रमाण मानावी. कंडेन्स्ड मिल्क साखरेच्या जोरावर टिकते. जुने झाले की ते घट्ट आणि तपकिरी होते. त्याचा बंद डबा कुकरमध्ये उकळून खरवसासारखी वडी किंवा कॅरॅमल करण्याची एक युक्ती सांगितली जाते; ती करू नये, डबा फुटून अंग भाजण्याची वेळ येऊ शकते.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात घरांत पुराचे पाणी शिरले, तसे कुठे झाले तर पत्र्याचे न गंजलेले, पोचा न पडलेले डबे वाचवता येतात. कागदी वेष्टन पूर्ण काढावे, डबा साबणाने घासून धुवावा, मग सुमारे चार लिटर स्वच्छ पाण्यात एक मोठा चमचा घरगुती ब्लीच घालून त्यात १५ मिनिटे बुडवून ठेवावा, पुन्हा धुवून वाळवावा, आत काय आहे ते मार्करने लिहावे आणि असे डबे लवकर संपवावेत. फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या मात्र टाकून द्याव्यात, कारण झाकणाच्या आट्यांतली घाण निघत नाही.

डबा उघडण्यापूर्वी झाकण साबणाने धुवून पुसावे. गोदामात त्यावरून काय काय फिरले असेल ते न बोललेलेच बरे. ओपनरचे चाकही धुवावे. उरलेला पदार्थ डब्यातच झाकून फ्रिजमध्ये ठेवू नये. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावा आणि बिनआंबट असेल तर तीन-चार दिवसांत, आंबट असेल तर पाच-सहा दिवसांत संपवावा. उरलेला आमरस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरून ठेवता येतात. न उघडलेला डबा फ्रीझरमध्ये ठेवू नये, कारण आतले पाणी गोठून फुगते आणि कड सैल होते.

उघडल्यावर दिसणाऱ्या सगळ्याच विचित्र गोष्टी बिघाडाच्या नसतात. नारळाच्या दुधावर साचलेला घट्ट साईचा थर ढवळल्यावर मिसळतो. मका, मटार किंवा माशांच्या डब्याच्या आतल्या बाजूचे काळपट डाग त्या पदार्थांतल्या गंधकामुळे पडतात आणि ते निरुपद्रवी असतात. परंतु डबा फुगलेला असेल, छिद्र पडताच आतून पाणी किंवा फेस उसळला असेल, अथवा वास खटकत असेल, तर बोट लावून चव पाहण्याचा मोह आवरावा. बोट्युलिनमच्या विषाला स्वतःचा वास किंवा चव नसते. असा डबा आणखी न उघडता, तसाच दोन पिशव्यांत बांधून, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही अशा बेताने टाकावा, आणि तो ज्या फळीवर होता ती फळी व आपले हात साबणाने धुवावेत.