भर पावसात घराची डागडुजी: आज काय करायचं, ऑक्टोबरवर काय ढकलायचं

गणपतीच्या आधी घर रंगवून घ्यायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. गावाकडे तो कसा चालत असेल ते माहीत नाही, पण मुंबईत या रिवाजाचं आणि पावसाचं जमत नाही. गणपती येतात ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात, आणि पाऊस काही ऑक्टोबर उजाडल्याशिवाय शहर सोडत नाही. मी एका जुलैमध्ये हौसेनं बेडरूम रंगवून घेतली. मुलुंडला आमचं घर शेवटच्या मजल्यावर आहे. नारळीपौर्णिमेपर्यंत भिंतीला पुरीसारखे फुगे आले, गौरी येईपर्यंत ते फुटून पोपडे निघाले. पुट्टी, रंग, मजुरी सगळं पाण्यात गेलं. त्यानंतर दरवर्षी पावसात एकच पद्धत पाळतो, ती इथे सांगतो.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. घरातली सगळी कामं तीन याद्यांत वाटा: 'आजच', 'दोन दिवस उघडीप मिळाली की' आणि 'दसऱ्यानंतर'. आपल्या मनातली बहुतेक कामं तिसऱ्या यादीत जातात. त्यात वाईट वाटून घेऊ नका. पावसाळ्यात घर दुरुस्त करायचं नसतं, ते सांभाळायचं असतं. आणि पाणी नेमकं कुठून येतंय हे शोधायला यापेक्षा चांगला मोसम नाही. मे महिन्यात ठणठणीत कोरड्या भिंतीकडे बघून कुठलाही कंत्राटदार अंदाजच करणार.

पाणी कुठून येतंय ते पकडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. फोटो काढा. डाग वाढला की नवी रेघ. आठ-दहा दिवसांत भिंतीवर नकाशासारखं काहीतरी तयार होतं. तो नकाशा असा वाचायचा:

वाऱ्याबरोबर तिरका पाऊस आला आणि दोन-चार तासांतच डाग वाढला, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीतून येतंय. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर आधी नजर ठेवा.

पाऊस थांबला, ऊनही पडलं, तरी छतावरची ओल एक-दोन दिवसांनी वाढते आणि हळूहळूच उतरते? मग पाणी गच्चीच्या कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या थरात, साठून झिरपतंय. जुन्या इमारतींत विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तो स्पंजसारखं पाणी धरतो.

उघडीप असली तरी डाग ओलाच, आणि सकाळी वरच्यांच्या आंघोळी झाल्या की जास्तच? मग पावसाला दोष देऊ नका. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाण्याचं तोंड) किंवा पाइप गळतोय. खात्री करायची तर वरच्या घरात ट्रॅपचं तोंड फडक्यानं घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी एक दिवस साठवून ठेवायचं आणि खाली लक्ष ठेवायचं. पाण्यात थोडा खायचा रंग टाकला तर वादच उरत नाही. अर्थात यासाठी वरच्यांनी दार उघडायला हवं. आधी डब्यातून काहीतरी घेऊन जा आणि ओलीचा विषय दुसऱ्या भेटीत काढा.

आणि डाग नेमका खिडकीखाली असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक बघा. त्यात पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं असतात. वर्षभराची धूळ आणि कबुतरांची पिसं त्यात अडकतात, ट्रॅक भरतो आणि पाणी आत सांडतं. जुना टूथब्रश आणि उदबत्तीची काडी एवढ्यावर काम होतं. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांची 'गळती' अशी दहा मिनिटांत थांबली.

अजून एक चाचणी आहे. डागावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला दमटपणा दिसला तर ती घरातल्या हवेतली वाफ आहे. त्यावर उपाय सोपा: कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पंखा चालू ठेवा.

कारण कळलं की पैसे कोणी द्यायचे तेही बऱ्यापैकी ठरतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची बाहेरून होणारी गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची असते. वरच्या बाथरूमचं प्रकरण दोन सभासदांमधलं. सोसायटीला फोटोंसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जिन्यात सेक्रेटरींना तोंडी सांगितलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही.

'आजच'ची यादी

यात चारच गोष्टी येतात, पण त्यात टाळाटाळ नको.

गच्चीवरच्या पावसाळी पाइपांच्या जाळ्या साफ करा. पानं आणि पिशव्यांनी तोंड बंद झालं की गच्चीचा तलाव होतो.

छताच्या रंगाला पाण्यानं फुगा आला असेल तर आधी त्या खोलीच्या दिव्याचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच) बंद करा, खाली बादली ठेवा आणि सुईनं फुगा फोडा. नाहीतर तो रात्री आपला आपण गादीवर फुटतो. बादलीत जुनं फडकं टाका, म्हणजे टपटप ऐकत जागावं लागणार नाही.

छताचं प्लास्टर पोकळ वाजत असेल किंवा गंजलेल्या सळया दिसत असतील तर त्याखालचा पलंग आजच हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. हे काम रंगाऱ्याचं नाही.

चौथी गोष्ट विजेची. ओल्या भिंतीतल्या बोर्डाला हात लावू नका, तिथे ड्रिलही चालवू नका. आरसीसीबी (वीज कुठे गळू लागली की सगळा पुरवठा तोडणारा बोर्डावरचा स्विच) सारखा पडत असेल तर सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. जो एमसीबी वर केल्यावर आरसीसीबी पुन्हा पडतो, त्याची लाइन दोषी. ती बंद ठेवून बाकीचं घर चालवा आणि वायरमन येईपर्यंत थांबा. वैतागून आरसीसीबी काढून थेट जोडणारे महाभाग मी पाहिलेत. ते उपकरण बंद पडतं तेव्हा तुमचा जीव वाचवत असतं. मीटर रूममध्ये पाणी शिरलं असेल तर आत पाऊलही टाकू नका, वीज कंपनीला फोन करा.

उघडीप मिळाली की

दोन-तीन कोरडे दिवस मिळाले की छोटी कामं उरकायची: खिडकीच्या चौकटीभोवतीची फट सिलिकॉननं भरणं, एसीच्या पाइपाचं भिंतीतलं भोक बंद करणं, बाथरूमच्या फरशांमधल्या फटींत ग्राउट (फटी बुजवायचं मिश्रण) भरणं. जागा फडक्यानं पुसून, हेअर ड्रायरनं कोरडी करून मगच सिलिकॉन लावा, ओल्यावर ते धरत नाही. सिमेंट लागेल तेवढंच सुटं आणा. उघडी गोणी या हवेत काही दिवसांतच खडे धरते आणि खडे धरलेलं सिमेंट चाळून वापरलं तरी उपयोग नाही.

पोपडे मात्र आत्ताच खरवडून टाका आणि भिंत तशीच उघडी ठेवा. तिच्यातली ओल बाहेर यायला वाट हवी. वरून रंग मारला की ती वाट बंद होते आणि कोंडलेलं पाणी रंगाला ढकलून बाहेर येतं. माझ्या बेडरूमच्या पुऱ्या अशाच तळल्या गेल्या. उघडी भिंत दिसायला वाईट दिसते, मान्य. आमची आई म्हणते, भिंतीला नायटा झालाय.

दार अडकत असेल तर सुताराला रंधा मारू देऊ नका. लाकूड ओलाव्यानं फुगलंय, डिसेंबरात ते परत आक्रसेल आणि मग चौकटीत बोटभर फट राहील. कडेला मेणबत्ती घासा, बिजागरीचे स्क्रू आवळा आणि तेवढ्यावर भागवा.

कारागीर येईल का?

येईलच असं धरून चालू नका. लोकल बंद पडतात, मिस्त्री कुर्ल्याला अडकतो, सुतार गणपतीला कोकणात जातो तो अनंत चतुर्दशीनंतरच उगवतो. म्हणून माझा एक नियम आहे: दुपारी एक वाजता काम अर्धवट टाकून माणूस निघून गेला, तरी त्या रात्री घरात राहता आलं पाहिजे. एकच बाथरूम असलेल्या घरात जून ते सप्टेंबर फरशी फोडायची नाही. खिडकीची चौकट काढायची नाही. मजुरी दिवसावर न देता टप्प्यावर द्या आणि सामान स्वतः आणून ठेवा.

आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की खातं त्याला अतिमुसळधार म्हणतं, २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. असा अंदाज असेल तर कारागिराला स्वतः फोन करून 'नको येऊस' म्हणा. भरतीची वेळही बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की हिंदमातासारख्या सखल भागांतून बाहेर पडणं अवघड. मात्र 'मुंबईत पाऊस' या दोन शब्दांवर विसंबू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नव्हता. तुमच्या आणि कारागिराच्या, दोन्ही भागांचा अंदाज बघा. झाड पडलं, पाणी तुंबलं तर महापालिकेचा १९१६ हा क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा.

आणि गणपती?

घरात बसतो त्या कोपऱ्यापुरतं बघा. ज्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना खोल्याच आहेत, ती बहुधा कोरडी असते. प्लास्टिकची चाचणी करा. पास झाली तर बाप्पाच्या आठ-दहा दिवस आधी तेवढीच एक भिंत रंगवा, पंखा दिवसभर चालू ठेवा. नापास झाली तर मखरामागे पडदा लावा. ओल्या भिंतीला टेकवून दिव्यांच्या माळा सोडू नका.

दसऱ्यानंतर

ऑक्टोबरचं ऊन आपल्याला नकोसं होतं, पण भिंतींना तेच हवं असतं. रंगाची घाई तरीही नको. परांची बांधून बाहेरच्या भेगा भरणं, भिंतीत रुजलेला पिंपळ मुळासकट काढणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे आधी. मग आतलं प्लास्टर, ते नवं असेल तर नीट पाणी मारून महिनाभर सुकू द्या. पुट्टी आणि रंग सगळ्यात शेवटी. दिवाळीपर्यंत हे होत नाही. आमचं कधीच झालेलं नाही, जानेवारी उजाडतो.

कंत्राटदार आला की त्याला पेन्सिलीच्या रेघा आणि तारखांचे फोटो दाखवा. बोलण्याआधी जो ते नीट बघतो आणि 'तेव्हा वारा कुठून होता' असं विचारतो, त्याचं कोटेशन थोडं महाग असलं तरी मी त्यालाच काम देतो.