गाडी लो करायचीय? आधी शॉकअप बघा, स्प्रिंग नंतर

स्प्रिंग कापून गाडी खाली करायचा विचार असेल तर दोन मिनिटं थांबा, कारण हा शहाणपणा मी करून बसलोय. २०१२ ची सेकंड हँड स्विफ्ट डिझेल, एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही स्प्रिंगचा एकेक वेढा ग्राइंडरने उडवून घेतला. फोटोत गाडी एकदम भारी. महिन्याभरात पंक्चर झाली म्हणून जॅक लावला, चाक हवेत गेलं आणि बघतो तर स्प्रिंग तिच्या सीटमध्ये (ती टेकते त्या वाटीत) सैल, हाताने गोल फिरतेय. खाली सोडल्यावर ती तिरकी बसली आणि तेव्हापासून स्टिअरिंग फिरवलं की टक्क टक्क.

झालं काय, तर स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत बसेल असं कंपनीने वळवलेलं असतं, कापल्यावर ते टोकच गेलं. शिवाय लांबी कमी झाल्यामुळे चाक लोंबकळलं की स्प्रिंगवर दाबच राहत नाही. आणि वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, सहा कामाच्या वेढ्यातला एक कापला की साधारण २० टक्के कडक, पण शॉकअप (स्प्रिंगच्या उड्या आवरणारे शॉक ॲब्झॉर्बर) तेच जुने, मग गाडी उड्या मारणारच ना. गॅस कटरने तापवून स्प्रिंग आखूड करणारेही भेटतील, त्यांच्याकडे तर जाऊच नका, स्टीलचं पाणी उतरतं आणि ती स्प्रिंग कधीही तुटू शकते.

आता मुद्द्याचं. गाडी किती खाली जाईल हे स्प्रिंग ठरवते, पण किती खाली जायला परवडेल हे शॉकअप ठरवतो. गाडी उभी असताना शॉकअपचा रॉड साधारण मधे कुठेतरी असतो, तुम्ही ३५ एमएम खाली केली की रॉड जवळपास तेवढाच कायमचा आत गेला, म्हणजे खड्ड्यासाठी उरलेली जागा तेवढ्याने कमी, आणि ती संपली की बंप स्टॉपवर (शेवटी धक्का झेलणारा रबरी ठोकळा) धाडकन. उरते किती ते स्वतः बघा: मागच्या शॉकअपचा डस्ट कव्हर वर सरकवा, रॉडला खाली शॉकअपच्या बॉडीला चिकटून एक प्लास्टिकचा झिप टाय घट्ट बांधा, रोजच्या रस्त्यावर रोजच्या माणसांना घेऊन फिरून या. टाय वर जिथे सरकून थांबला तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला होता. तिथून बंप स्टॉपपर्यंत बोटभरच जागा उरली असेल तर ४० एमएमच्या गप्पा सोडा.

मी तर म्हणेन बजेटचे तीन भाग करा, दोन शॉकअप आणि माउंटिंगला, एक स्प्रिंगला. लोक नेमकं उलटं करतात, चकचकीत लाल स्प्रिंग घेतात आणि ८०-९० हजार किमी चाललेल्या शॉकअपवर चढवतात. बोनेट दाबून गाडी किती हलते बघायची टेस्ट फक्त पार मेलेला शॉकअप पकडते, त्यापेक्षा शॉकअपच्या बॉडीवर तेल ओघळलंय का बघा आणि टायरवरून हात फिरवा, चढउतार लागले तर शंका घ्या.

२५-३० एमएमपर्यंतच जायचं असेल तर गॅब्रिएल (आपल्या पुण्याचीच कंपनी), केवायबी, मन्रो असे स्टॉक लांबीचे नवे शॉकअप बहुतेक गाड्यांना पुरतात. त्याहून खाली जायचं तर आखूड बॉडीचे लागतात. इथे एक घोळ होतो, बिलस्टीनचे बी६ स्टॉक लांबीचे आणि बी८ आखूड, वापरलेला सेट स्वस्त मिळतोय म्हणून डोळे झाकून उचलू नका. पोलो, ऑक्टाव्हियावाल्यांना चॉईस भरपूर, मारुतीवाल्यांना शोधावं लागतं. स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट) मी टाळतो, दोन पावसाळ्यात आटे गंजले की हाइट ॲडजस्ट होत नाही, मग फायदा काय.

स्प्रिंग घेताना पेट्रोलची की डिझेलची हे आधी विचारा, डिझेल इंजिन जड असतं, पेट्रोलची स्प्रिंग टाकली की नाक जास्तच खाली जातं. तारेची जाडी मोजायला व्हर्नियर घेऊन जा. वेढे आणि घेर तोच ठेवून तार १२ ऐवजी १३ एमएम झाली की स्प्रिंग एक तृतीयांशाहून जास्त कडक होते, दिसायला दोन्ही सारख्याच दिसतात. मागे जरा कमी लो करा, डिक्की भरून गावाला जायचं असतं.

काम सुरू करायच्या आधी चारही चाकांच्या सेंटरपासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर एमएममध्ये लिहून ठेवा, जमिनीपासून नको, टायरच्या हवेने फरक पडतो. स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, ते सोपं. पुढे मात्र दोन्ही एकत्र असतात, तो स्ट्रट खोलायला चांगला स्प्रिंग कंप्रेसर लागतो, घरी दोरी-साखळीचे प्रयोग करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल. स्ट्रट खोललाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप नवे टाका. आणि लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुशचे बोल्ट ढिले केले असतील तर गाडी जमिनीवर चाकांवर उभी असताना शेवटचे टाइट करा, हवेत टाइट केले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मिस्त्रीला सांगावंच लागतं.

तीन-चारशे किमी चालवून स्प्रिंग बसल्या की अलायनमेंट, नाहीतर टायर आतून खाऊन जातील. हेडलाइटचा फोकसही बघा. मागे एलएसपीव्ही (लोडप्रमाणे ब्रेकचं प्रेशर बदलणारा व्हॉल्व्ह) असलेल्या जुन्या गाड्यांत तो व्हॉल्व्ह गाडीची उंची बघून मागच्या ब्रेकला प्रेशर देतो, लो केल्यावर त्याला वाटतं गाडी लोड आहे, मग मागची चाकं लवकर लॉक होऊ शकतात, तो सेट करून घ्या.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबाबत कडक आहे, आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा.

शेवटी गल्लीतला ब्रेकर मोजा. नियमाने तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, पण आपल्याकडे हौशी लोक रात्रीत सिमेंटचा बांध घालतात. माझ्या गल्लीतला पाच इंच म्हणजे १२७ एमएम निघाला, स्विफ्टचा जमिनीपासूनचा क्लिअरन्स गाडी रिकामी असताना १७० एमएम, म्हणून नव्या स्प्रिंग टाकताना मी २५ एमएमवर थांबलो. तरी मागे तिघं बसले की चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) घासू नये म्हणून ब्रेकर तिरका घ्यावा लागतो आणि आमच्या काकू दर वेळी ओरडतात.