तान्ह्या पोळ्याची बंडी: पात्यांची तयारी

नागपंचमी झाली की गल्लीतली लेकरं विचारायला लागतात, "काका, यंदाची बंडी कुठवर आली?" पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे हाती पंचवीसेक दिवस. लाकडी बैल सुतार करून देतो. त्यामागची बंडी, म्हणजे छोटी बैलगाडी, मी करतो, फुटाला इंच या मापाने. साडेचार फुटांचं चाक साडेचार इंचांवर येतं, त्यात बारा आरे (आडव्या-उभ्या काड्या), मधे तुंबा (आस जातो तो गोळा), कडेने पाटे (लाकडी घेराचे तुकडे), वरून धाव (घेरावरची पट्टी). एवढ्या बारीक कामात पातं चुकीचं असलं की आरा उभा फाटतो, आणि मग एका पात्यासाठी हिंगणघाटची एसटी धरावी लागते. म्हणून काय काय लागेल ते आधीच ठरवून एका खेपेत आणायचं.

सगळ्यात आधी ओसरीवर माल मांडा. धांडे (ज्वारीची वाळलेली ताटं) किती, सावरीच्या मऊ लाकडाची फळी किती, बांबूच्या काड्या, सागाच्या चिपा, पुठ्ठा, सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड). पातं मालावरून ठरतं, हत्याराच्या दिसण्यावरून नाही. दुकानात आधी जाऊन पंचवीस पात्यांची चकचकीत पेटी घेतली, तर त्यातली वीस कधी पेटीबाहेर येत नाहीत.

धांड्यापासून सुरुवात करतो, कारण आपण सगळे लहानपणी ज्वारीच्या धांड्याच्याच गाड्या करून शिकलो. आता वावरात सोयाबीन आणि कपाशी, ज्वारी कमी झाली, तरी कडब्याची एखादी पेंढी मी राखून ठेवतो. धांड्याची साल कडक आणि आतला गाभा स्पंजासारखा. जाड पातं गाभा आधी दाबतं आणि मग कापतं, त्यामुळे कापलेलं टोक चपटं होतं. इथे दाढीच्या पानाला तोड नाही. दुधारी पान अवघं ०.१ मिलिमीटर जाड असतं, तर कटरचं बारीक पातं साधारण ०.३८. मात्र उघडं पान बोटात धरून काम करू नका. सलूनवाले दादा करतात तसं पान कागदासकट लांबीत वाकवून मधोमध मोडायचं आणि अर्धं पान उस्तऱ्यात बसवायचं. पान बदलता येणारा साधा उस्तरा हे या कामासाठी मला सापडलेलं सगळ्यात स्वस्त आणि पक्क्या पकडीचं हत्यार. धांडा जागच्या जागी फिरवत साल गोल कापा, मग गाभा एका ओढीत.

पुठ्ठा, सनबोर्ड आणि सावरीची पातळ फळी यांना मोडत जाणारं कटर. हे कटर १९५६ साली जपानात योशिओ ओकादा यांनी काढलं. काचेच्या तुकड्याची धार आणि चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा, या दोन गोष्टींवरून त्यांना टोक मोडून नवी धार काढायची कल्पना सुचली. आपल्याकडे दोन रुंदीची पाती सगळीकडे मिळतात, ९ आणि १८ मिलिमीटर. दोन्ही आणा. सरळ लांब कापासाठी आणि जाड सनबोर्डसाठी १८ चं, कारण ते ०.५ मिलिमीटर जाड असतं आणि लचकत नाही. आतल्या कोपऱ्यासाठी ९ चं, आणि मिळालं तर त्याच रुंदीचं ३० अंशाच्या टोकाचं. नेहमीच्या पात्याचं टोक बोथट कोनाचं असतं, ते साट्याच्या (बंडीच्या बैठकीच्या चौकटीच्या) खाचेत नीट शिरत नाही. टोक मोडायला पक्कड वापरा, खाच बाहेरच्या बाजूला ठेवा आणि वरून कापड धरा, म्हणजे तुकडा उडत नाही. पातं काम करताना एक-दोन घरांइतकंच बाहेर काढा.

आता सर्जिकल पातं, म्हणजे डॉक्टरांच्या शस्त्रक्रियेच्या चाकूचं, ज्याच्यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथेच बहुतेकांची खेप वाया जाते. आऱ्यांची टोकं, जुवाच्या शिवळांची (बैलाच्या मानेच्या बाजूच्या खुंट्यांची) भोकं, झुलीची नक्षी, हे सगळं मी ११ नंबरच्या पात्याने करतो. सरळ धार, सुईसारखं टोक. ते तालुक्याच्या मेडिकलमध्ये सुटं मिळतं. कशासाठी हवं ते दुकानदाराला सरळ सांगा, हवं तर बंडीचा फोटो दाखवा. पण पातं आणि मूठ यांचे नंबर जुळायला हवेत. ३ नंबरच्या मुठीवर १०, ११, १२, १५ ही पाती बसतात. ४ नंबरच्या मुठीवर २० पासून २४ पर्यंतची मोठी. एका वर्षी दुकानातून ३ ची मूठ आणि २२ ची पाती असा जोड माझ्या हाती आला. मी घरी येईपर्यंत पाकीट उघडलं नाही आणि अख्खा आठवडा गेला. म्हणून काउंटरवरच नंबर वाचा. दुसरी गफलत याहून मोठी. हॉबीच्या पेनासारख्या चाकूतही ११ नंबरचं पातं असतं, पण ते वेगळं. त्याची बूड चिमटीत आवळली जाते, तर सर्जिकल पात्याला मधे खाच असते. आकडा एक असला तरी एकाचं पातं दुसऱ्याच्या मुठीत बसत नाही.

दोन्हींत निवड करायची तर असं बघा. सर्जिकल पातं पातळ आणि अतिशय धारदार, पण बाजूने जोर सहन करत नाही, पीळ दिला की टोक तुटून उडतं. हॉबीचं जरा जाड, धार थोडी कमी, पण लाकडात टिकतं. माझा नेम असा की कागद, कापड, रेक्झिन आणि पातळ सावर सर्जिकलने, सावरीतली खाच हॉबीच्या चाकूने. सर्जिकल पातं बसवताना ते पाठीकडून पक्कडीने धरा आणि मुठीच्या खाचेत टक् आवाज येईपर्यंत सरकवा. काढतानाही पक्कडच, मागचं टोक किंचित उचलून पुढे ढकलायचं, तोंड भिंतीकडे करून.

साग आणि बांबू ही आपल्या जिल्ह्यांची श्रीमंती, पण पात्यांची वैरी. सागात आणि बांबूच्या वरच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूचीच जात. चार काप गेले की धार बसते. तिथे चाकू झिजवत बसण्यापेक्षा करवत घ्या. सराफ्यात सोनाराची बारीक आरी मिळते, चौकट आणि केसासारखी पाती डझनावर. दात मुठीकडे वळलेले ठेवून पातं ताणून बसवा, म्हणजे ओढताना कापेल. ही पाती तुटतातच, एक डझन कमी पडते, दोन आणा. बांबू मात्र आधी कोयत्याने उभा चिरा, साल काढा आणि मग आतल्या गरावर चाकू लावा. सागाच्या आसासाठी हॅक्सॉचं इंचाला ३२ दातांचं पातं पुरतं. अ‍ॅक्रिलिक वापरणार असाल तर रेघ खोल ओरखडून मोडायचं, कापायचं नाही.

पात्याखाली काय ठेवता यावरही धार अवलंबून. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटावर कापलं तर नवं पातं पहिल्याच ओढीला गेलं. कटिंग मॅट आणा आणि ती टिनाच्या खोलीत उन्हाळाभर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मॅट पापडासारखी वाकडी होते आणि पुन्हा सपाट होत नाही. पट्टी स्टीलचीच घ्या, प्लास्टिकच्या पट्टीची कड पातं सोलून काढतं.

श्रावणात गंजाचाही विचार करा. कार्बन स्टीलची धार जास्त तीक्ष्ण, पण ओल्या हवेत तिच्यावर दोन दिवसांत तांबूस डाग येतात. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून डबीत ठेवा, लागेल तेव्हाच पाकीट फोडा. स्टेनलेसचं तेवढं बघावं लागत नाही.

एका बंडीसाठी माझा हिशोब असा: ११ नंबरची सर्जिकल पाती १०, हॉबीची ५, बारीक कटरची पाती ३, जाड कटरचं १, दाढीची पानं १ पाकीट. काप खडबडीत यायला लागला, हातावर जोर वाढला, की पातं बदला. तो जोर निसटला की पातं बोटावरच येतं.

उरलं ते वापरलेल्या पात्यांचं, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर, झाकण कायमचं चिकटवलेलं. काम सुरू होण्याआधी हा डबा तयार हवा. मोडलेल्या टोकांचा हिशोबही त्यातच. गावात झाडलेला केर उकिरड्यात जातो, उकिरड्याचं खत वावरात जातं, आणि तिथे बाया अनवाणी निंदतात. जनावरांचं तर आणखी वाईट. गाय-बैल चारा न निवडता गिळतात. लोखंडाचा तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो, तिथून पुढे टोचत टोचत काळजापर्यंत पोचतो, आणि जनावर खाणं सोडून कण्हत उभं राहतं. ज्या बैलाच्या सणासाठी आपण हे करतो, त्याच्या गव्हाणीत आपलं पातं जाता कामा नये. म्हणून कामाच्या जागी जुनी चादर अंथरतो, उठताना तिच्यावरून चुंबक फिरवतो, आणि मगच ती झटकतो.

लेकरांना चिकटवणं, रंगवणं, झुलीला मणी लावणं हे सगळं द्या, पातं मोठ्यांच्या हाती. ओसरीवर स्वच्छ कापड आणि पट्टी ठेवा. कापलं तर दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, रक्त थांबलं का ते सारखं उघडून बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आताच विचारून या.

डबा भरला की चिरेवर चिकटपट्टी मारतो आणि आत काय आहे ते सांगून भंगारवाल्या भाऊंच्या हातात स्वतः देतो. यंदाचा नवा डबा चहापत्तीचा आहे, चीर पाडून ठेवली.