क्रशरच्या इंजिनाचा कंट्रोलर: ओव्हरस्पीड ट्रिप कशी गेली
नवा प्रोग्रामेबल कंट्रोलर लावल्यावर इंजिन 1500 आरपीएम गाठायच्या आतच ‘ओव्हरस्पीड’ दाखवून बंद पडायचं. कंट्रोलर वेग मोजतो तो पिकअपसमोरून (दाते ओळखणारा चुंबकीय सेन्सर) जाणाऱ्या फ्लायव्हीलच्या दात्यांवरून. फ्लायव्हीलला दाते 118, सेटिंगमध्ये मात्र 100. म्हणजे 1500 ला कंट्रोलर 1770 वाचणार आणि ट्रिप (जास्त वेगाला इंजिन आपोआप बंद होणं) 1725 वर. दाते मोजून 118 भरले, ट्रिप थांबली.

पिकअप बसवताना इंजिन बंद ठेवून पिकअपच्या भोकातून बघा: दात बरोबर समोर हवा. हलकेच टेकवा, अर्धा आटा मागे घ्या, चेकनट (पिकअप जागेवर धरणारा नट) आवळा. खाचेवर टेकवलात तर पहिल्याच फेरीत दात टोक उडवतो!

कंट्रोलर निवडताना दात्यांची संख्या आणि ऑइल प्रेशर सेंडरचा (तेलाचा दाब सांगणारा सेन्सर) ओहम-तक्ता, म्हणजे किती दाबाला किती ओहम, आपल्याला भरता येतो का, हे आधी विचारा. मेकॅनिकल डिझेल पंपाच्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक युनिट (ECU) नसतं, त्यामुळे इंजिनाची माहिती घ्यायला कॅन पोर्टचा (ECU शी बोलणारी जोडणी) उपयोग नाही, फक्त त्यासाठी पैसे घालू नका.